पोटखराब

निवृत्तीच्या सुमारास मध्यमवर्गीय माणसाला दोन रोग जडतात. एक रक्तातल्या साखरेचा आणि दुसरा गावाकडे छोटंसं घर बांधण्याचा. पहिल्यावर गोळ्या मिळतात. दुसऱ्यावर औषध नाही. तो वाढत जातो आणि शेवटी रोग्याला तहसील कचेरीच्या पायरीवर नेऊन बसवतो.

मला हा दुसरा रोग २००३ साली जडला. त्या वर्षी मी बँकेतून निवृत्त झालो. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. अडतीस वर्षं मी कामावर वेळेवर यावं म्हणून कुणी घड्याळ दिलं नाही. वेळेची गरज संपली त्या दिवशी दिलं. त्या भरात मी भाषणात बोलून गेलो, “आता गावी जाणार, शेतात छोटंसं घर बांधणार आणि काळ्या आईची सेवा करणार.” टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस शब्दात अडकतो. खरं सांगायचं तर काळ्या आईची सेवा मी उभ्या जन्मात केलेली नव्हती. ती माझा थोरला भाऊ करत होता. मी तिची ज्वारी खात होतो, एवढाच आमचा संबंध.

‘छोटंसं घर’ हा शब्दही फार फसवा. त्याच रात्री मी बँकेच्या जुन्या चलनाच्या पाठीवर नकाशा काढला. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढं ओटा. आमच्या हिनं चष्मा लावून तो पाहिला आणि विचारलं, “मुलं आली की झोपणार कुठं?” तिसरी खोली आली. “आणि पाहुणे?” चौथी आली. “देवघर?” मग “लोणच्याच्या बरण्या ठेवायला जागा?” असं करता करता चलनाची पाठ संपली आणि मला दुसरं चलन घ्यावं लागलं. जागा मात्र मी मनाशी पक्की केली होती. विहिरीच्या अलीकडे, आंब्याच्या उजव्या हाताला, पूर्वेला तोंड. सकाळी उठावं, ओट्यावर बसून चहा प्यावा आणि समोर दादानं पेरलेलं पीक डोलताना पाहावं. ह्या चित्रात दादा कुठं राहतो, याचा विचार मी केला नव्हता. तो पूर्वीसारखाच गावठाणातल्या जुन्या घरात, चुलतभावंडांच्या सामाईक भिंतींच्या आत राहणार होता.

पुढच्या आठवड्यात गावी जाऊन विषय काढला. दादा गोठ्यात बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. तो म्हणाला, “बांध की. रान आपलंच हाय. तुला कोन नको म्हनतंय?”

नको म्हणणारा दुसऱ्याच दिवशी भेटला.

तलाठ्यांना आमच्या भागात भाऊसाहेब म्हणतात. आता कागदोपत्री त्यांचा ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, पण गावाच्या तोंडून ‘भाऊसाहेब’ काही सुटत नाही. तर भाऊसाहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि प्रेमानं विचारलं, “बिनशेती केलीय का?”

मी म्हटलं, “नाही हो, शेतीच करतो. म्हणजे दादा करतो.”

“तसं नव्हे. जमीन बिनशेती केलीय का?”

बिनशेती हा शब्द मी तोपर्यंत बिनसाखरेचा चहा किंवा बिनपाण्याची हजामत याच चालीवर ऐकला होता. त्या दिवशी त्याचा खरा अर्थ कळला. जमीन तुमची, सातबारा तुमचा, विहीर तुमची, आंबाही तुमचा. पण ती जमीन पिकं काढण्यासाठी तुमची. तिच्यावर राहायला बंगला उठवायचा, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ या नावाचा एक गृहस्थ मध्ये उभा असतो. त्याचं कलम ४४ सांगतं, की शेतीची जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरायची तर आधी कलेक्टरांची परवानगी घ्या. न घेता बांधलंत तर कलम ४५ आहेच. त्यात दंड आहे आणि बांधलेलं पाडायला लावण्याची सोयही आहे. परवानगी मिळाली तर वर्षाच्या आत वापर सुरू करा, सुरू केल्यावर तीस दिवसांत तहसीलदारांना कळवा, आणि शिवाय रूपांतर कर भरा. रूपांतर हा शब्द पुराणात शापाच्या गोष्टींत येतो, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

“आधी सातबारा बघू,” भाऊसाहेब म्हणाले.

सातबारा हा आपल्याकडे बोलताना इतका येतो, की तो आपण वाचलेलाच आहे असं वाटतं. मी जन्मात पहिल्यांदा नीट वाचला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन नमुने एका कागदावर नांदत असतात. साताच्या नमुन्यात जमीन कुणाची ते आणि बाराच्या नमुन्यात तिच्यात काय पिकतं ते. लहानपणापासून ऐकलेलं आमचं दोन एकर अकरा गुंठ्यांचं रान कागदावर शून्य दशांश ब्याण्णव हेक्टर झालं होतं. शून्यानं सुरू होणारी इस्टेट पाहून काळजात जरा चर्र झालं.

मग मालकाचं नाव पाहिलं. दादाचं नाव होतं आणि त्याच्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं होती. मला वाटलं, दादानं आमच्या नकळत एखादी पदवी घेतली. भाऊसाहेबांनी समजावलं, “एकत्र कुटुंब मॅनेजर. तुमचे वडील वारले, तेव्हा थोरल्याचं नाव लागलं. तुमचा हक्क आहे, पण नाव नाही.” अडतीस वर्षं बँकेत काढून मी कधी मॅनेजर झालो नव्हतो. दादा चौथी पास होऊन वयाच्या विसाव्या वर्षी झाला होता.

त्याखाली आणखी एक ओळ होती. पोटखराब, ०.०३.

त्या काळात मला आम्लपित्ताचा त्रास होता. सरकारी कागदावर त्याची नोंद पाहून मी दचकलो. आमची ही शेजारून म्हणाली, “बघा, सरकारलासुद्धा माहीत आहे.” पण पोटखराब म्हणजे जमिनीच्या पोटातला लागवडीला निकामी तुकडा. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला एक मुरमाड टेकाड आहे. तिथं पूर्वी आमचं खळं होतं. बैलांची पात धरून ज्वारीची मळणी व्हायची आणि आम्ही पोरं कडब्याच्या गंजीवरून घसरायचो. तीन गुंठ्यांचा तो तुकडा. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. हे मला बँकेत कर्जप्रकरणं लिहिताना पाठ होतं. पण त्यातले तीन गुंठे आपले आहेत आणि ते खराब आहेत, हे माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “मग असं करू. विहिरीजवळचे दहा गुंठे वाटणी करून माझ्या नावावर घेतो आणि तेवढेच बिनशेती करतो.”

भाऊसाहेबांनी चहाचा घोट घेतला आणि तुकडेबंदीचा कायदा काढला. हा १९४७ सालचा. जमिनीचे पोरांगणिक, नातवांगणिक तुकडे होत गेले, तर शेवटी औत फिरवायलाही जागा उरायची नाही, म्हणून शासनानं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं आणि त्याहून लहान तुकडा पाडायला बंदी घातली. आमचे जिराईत दहा गुंठे म्हणजे कायद्याच्या लेखी तुकडाच. तेव्हा अर्ज करायचा तर मॅनेजरांनीच करायला हवा होता. म्हणजे घर माझं, पैसे माझे, हौस माझी आणि सही दादाची.

पुण्यात आमच्या शेजारी अण्णा राहतात. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळी कलमं पाठ आहेत. फक्त घरचा किराणा आणताना यादी लागते. मी त्यांच्यापुढं गाऱ्हाणं घातलं. ते म्हणाले, “तुम्ही सुदैवी आहात. तुम्ही निदान शेतकरी आहात.”

“मी?”

“कागदावर. नाहीतर तुम्हाला शेतजमीन विकतसुद्धा घेता आली नसती. कुळकायदा. १९४८. कलम ६३.”

हे कलम मी बँकेतच भोगलं होतं. आमच्या एका साहेबांना शेती घ्यायची फार हौस. पण कलेक्टरांच्या परवानगीशिवाय बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि जमीन नसेल तर माणूस शेतकरी ठरत नाही. म्हणजे पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असा तो मामला. साहेबांनी शेवटी गच्चीत कुंड्या ठेवल्या आणि त्यांत वांगी लावली.

अण्णांनी अर्जाला काय काय जोडायचं त्याची यादी सांगितली. सातबारा. आठ-अचा खातेउतारा. सगळे फेरफार. मोजणीचा नकाशा. बांधकामाचा नकाशा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. रस्त्यापासून अंतर किती, ते सांगणारा दाखला. विजेची मोठी लाईन डोक्यावरून जात नाही, असा दाखला. पाटाच्या पाण्याखाली जमीन येत नाही, असा दाखला. कुठल्या प्रकल्पासाठी ती संपादन व्हायची नाही, असा दाखला. मी म्हटलं, “अण्णा, आमच्या गावाला पाट नाही, मोठा रस्ता नाही, मोठी लाईन नाही आणि प्रकल्प तर स्वप्नातही नाही.” ते म्हणाले, “नाही, हे तुम्ही म्हणता. दाखला कुठं म्हणतो?”

आमच्या गावात काय काय नाही, याचे दाखले गोळा करण्यात दोन महिने गेले. एवढे नन्नाचे कागद जमले, की त्यांच्याकडे पाहून गावाची कीव यावी.

पण अण्णांनी एक आशेचा किरणही दाखवला. कलम ४४ मध्ये अशी सोय होती, की अर्ज पोहोचल्याची पोच मिळाल्यापासून नव्वद दिवसांत कलेक्टरांनी काहीच कळवलं नाही, तर परवानगी दिली असं मानायचं. मानीव परवानगी! सरकारनं गप्प राहावं आणि त्याचा अर्थ हो असा व्हावा. जुन्या काळी मुलगी पसंत आहे का विचारल्यावर मुलगी लाजून गप्प राहायची, तसंच हे. मी भिंतीवरच्या त्या निरोपाच्या घड्याळाखाली दिनदर्शिका टांगली आणि रोज एकेक दिवस खोडू लागलो. साठ झाले. सत्तर झाले. ऐंशीव्या दिवशी मी पेढे सांगितले. एक्याऐंशीव्या दिवशी पत्र आलं. अर्जात त्रुटी आहेत. एका फेरफाराची नक्कल पुसट आहे. पूर्तता करून अर्ज नव्यानं सादर करावा.

दिवस पुन्हा एकपासून. मुलगी लाजत नव्हती, तिला आमची पत्रिका वाचता येत नव्हती. कचेरी कुठल्या तालुक्याची ते विचारू नका; तुमच्याही तालुक्यात असेल.

होता होता २००४ चा जानेवारी उजाडला आणि स्थळपाहणीचा दिवस ठरला. त्या साली पाऊस कमीच झाला होता, पण विहिरीच्या ओलीवर दादानं खालच्या पट्टीत ज्वारी साधली होती. कणसं हुरड्यात आली होती. मोटारसायकलवरून सर्कल आणि भाऊसाहेब आले. दारी आलेल्या माणसाला उपाशी धाडायचं नाही, हा दादाचा कायदा. तो १९६६ च्या पुष्कळ आधीचा. त्यानं बांधावर आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं खुपसली, आणि वहिनी घरून लसणाची चटणी, गूळ, दही घेऊन आली. दादा गरम कणीस हातात चोळी आणि हिरवे मऊ दाणे पाहुण्यांच्या ओंजळीत ओती. सर्कलसाहेब खाऊन इतके खूश झाले, की म्हणाले, “असा गोड हुरडा या शिवारात दुसरीकडं नाही.”

मग हात धुऊन त्यांनी पंचनामा सांगायला घेतला आणि भाऊसाहेब लिहू लागले. “सदर जमीन हलक्या प्रतीची, मुरमाड असून तीत पीक येत नाही...”

दादानं वर पाहिलं. “काय म्हनला साहेब?”

“अहो, ही लिहिण्याची पद्धत आहे. जमीन चांगली आहे म्हटलं की वरून विचारणा येते, चांगली जमीन घरात का घालता म्हणून. पीक येत नाही असं लिहिलं, की कुणी काही विचारत नाही. बाराच्या नमुन्याला पड दाखवू. तुम्ही जबाबाखाली सही करा.”

“मग आत्ता खाल्लं ते काय?”

कुणीच काही बोललं नाही. आगटीतलं एक राहिलेलं कणीस तेवढं तडतडलं. सर्कलसाहेबांनी ओठाला लागलेली चटणी रुमालानं पुसली. माणूस वाईट नव्हता; तो आमचं काम सोपंच करून देत होता. मी दादाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, “दादा, नुसता कागद आहे रे. कागदावर लिहिल्यानं जमीन नापीक होते का?”

दादा माझ्याकडं बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, “तुझं सगळं कागदावरच झालं, म्हनून तुला तसं वाटतं. मी न्हाई सही करायचा. ज्या रानानं जगवलं, त्याला माझ्या हातानं वांझ लिहू व्हय?”

पाहुणे गेले. हुरडा वाया गेला असं मला त्या वेळी वाटलं. आज त्याची लाज वाटते.

त्या रात्री जुन्या घराच्या सोप्यात झोप येईना. दादाचा राग आला होता. बँकेत मी हजारो कागदांवर सह्या केल्या, त्यातल्या किती खऱ्या गोष्टींवर होत्या? एका सहीनं काय बिघडणार होतं? आणि मग एकेक आठवायला लागलं. वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा दादानं पंधराव्या वर्षी औत धरलं. ते १९५७ साली गेले, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, तालुक्याच्या शाळेत. माझी फी ज्वारीतून भरली गेली. १९६५ साली मी पुण्याला बँकेत लागलो आणि त्या वर्षापासून दर सुगीला एस.टी.च्या टपावरून ज्वारीचं एक पोतं पुण्याला यायला लागलं. मी हमालाचे पैसे द्यायचो आणि वर कुरकुरायचो, की आजकाल आम्ही गहूच जास्त खातो.

ते पोतं एकदाच चुकलं. १९७२ च्या दुष्काळात. दादा आणि वहिनी तेव्हा सरकारी कामावर खडी फोडायला जात होते, कामावर मिळणारी सुकडी पोरांसाठी फडक्यात बांधून आणत होते. हे मला पुष्कळ नंतर, वहिनीकडून कळलं. दादाचं त्या वर्षी मला फक्त एक कार्ड आलं होतं. त्यात एवढंच होतं, की यंदा पोतं धाडता येत नाही, रागावू नये.

‘रागावू नये.’ बारा नमुन्यातली ती त्या सालची ओळ मला कुणी दाखवली नसती, तरी मला ती आता दिसत होती. आणि त्याच्यावर मी ‘पीक येत नाही’ अशी सही घ्यायला निघालो होतो. तीही विहिरीजवळच्या, सगळ्यांत काळ्याभोर पट्टीवर. का, तर मला तिथून सूर्योदय दिसतो.

कायद्याचा राग मला तोपर्यंत येत होता. त्या रात्री तो थोडा निवळला. शहरालगतच्या रस्त्यानं जाताना मी पाहत आलो होतो. आज ऊस, उद्या चुन्याच्या रेघा, परवा दगड आणि तेरवा ‘हप्त्यानं प्लॉट मिळतील’ ही पाटी. माझ्यासारखे निवृत्त, ओट्यावर बसून डोलतं पीक बघायला आलेले लोक एकामागून एक येतात आणि शेवटी प्रत्येकाच्या ओट्यावरून समोरच्याचा ओटा तेवढा दिसतो. हे कुणीतरी अडवायला हवं होतं. ज्यांनी १९६६ साली अडवलं, त्यांचा हेतू बरा होता. पुढं त्या कलमाला इतके दाखले चिकटले, की हेतू तळाशी गेला आणि वर नुसते शिक्के तरंगत राहिले. पण हेतू कळायला कायदेपंडित लागला नाही. दादाला तो कायदा न वाचताच कळला होता.

पुण्याला परत येऊन अण्णांना सांगितलं, “घर रद्द. अर्ज मागं घेतो.”

अण्णांनी सगळी हकीकत ऐकली आणि बराच वेळ नाकाशी तपकीर धरून बसले. मग म्हणाले, “तुमच्या भावाला स्वतःला तिथं राहायचं नाही का?”

मी गप्प. हा प्रश्न मी दादाला कधी विचारलाच नव्हता.

अण्णांनी अधिनियमाचं जाड पुस्तक काढलं. “शेतघराची व्याख्या ऐका. शेतजमिनीवर, त्या जमिनीच्या कामासाठी उभारलेली इमारत. कशासाठी? तर शेतीची अवजारं, खत, वैरण ठेवण्यासाठी. पीक साठवण्यासाठी. गुरांच्या निवाऱ्यासाठी. आणि जमीनधारकाच्या कुटुंबातली माणसं, नोकर किंवा कुळं यांना राहण्यासाठी. असं शेतघर हे शेतीचाच भाग. तुमचं गाव मोठ्या शहराच्या आसपास नाही, क्षेत्र पुरेसं आहे. बेतानं बांधलंत तर बिनशेती करायचं कारणच नाही. फक्त ते खरोखर शेतघर हवं. बंगल्याला शेतघर म्हणायचं नाही.”

“म्हणजे मला तिथं राहता येईल?”

“धारक कोण?”

“दादा.”

“मग तुम्ही कोण? नोकर, कूळ की कुटुंबातली माणसं?”

आमची ही आतून म्हणाली, “नोकर लिहा. कामाला तरी लावतील.”

मी गावी गेलो. दादा ओढ्याकाठी बैलं पाजत होता. मी त्याला विचारलं, “दादा, तुला रानात राहायचंय का?” तो एवढंच म्हणाला, “तीस वर्सं झाली मनात हाय. रातीचं पानी धराया जावं लागतं. पर गावातल्या घराला मला वाटं लावता आलं न्हाई, आन् दुसरं बांधाया पैका न्हवता.” तीस वर्षांत त्यानं हे मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी दर सुगीला पोतं उतरवून घेत होतो, एवढंच.

मी म्हटलं, “पैसे माझे फंडाचे आहेत. बांधू. विहिरीजवळ?”

“विहिरीजवळ न्हाई,” मॅनेजर म्हणाले. “ती काळी हाय. टेकाडावर बांध. खळ्याच्या जागी. पोटखराबावर.” आणि मग माझ्याकडं बघून, “तुझं तरी पोट कुठं चांगलं हाय?”

अण्णांना हे सांगितलं, तर ते उडालेच. पोटखराबाच्या पहिल्या वर्गात, लागवडीला अयोग्य जमीन म्हणून ज्या जागा धरतात, त्यात धारकाचं शेतघर आणि खळं या दोन्ही गोष्टी नावानिशी येतात. पुस्तकात जे होतं, तेच दादानं बैल पाजता पाजता सांगितलं होतं.

घर २००५ च्या अक्षय्य तृतीयेला पुरं झालं. चलनाच्या पाठीवरच्या नकाशातलं फार थोडं त्यात उतरलं. पाहुण्यांच्या खोलीत खताच्या गोण्या आहेत. मुलांच्या खोलीत कडबा आहे. देवघराच्या जागी पाभर उभी असते आणि दसऱ्याला तिचीच पूजा होते. लोणच्याच्या बरण्यांना तेवढी जागा मिळाली, कारण ते शेतमाल साठवणं होतं. आमची ही पहिल्या दिवशी फिरून आली आणि म्हणाली, “कायदा अगदी बरोबर पाळलात. अवजारं आधी, मग वैरण, मग गुरं, आणि उरलीसुरली जागा घरच्या माणसांना.” दादा-वहिनी तिथं राहायला गेले. आम्ही दोघं निम्मं वर्ष तिथं असतो. पूर्वेची खोली आमची. सूर्योदय टेकाडावरून जास्त चांगला दिसतो, हे मला माहीत नव्हतं. खाली पट्टीत ज्वारी आणि मध्ये काही नाही.

त्यानंतर नियम कितीतरी वेळा बदलले. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनींसाठी सोपी वाट निघाली, आणखीही सवलती आल्या. सातबारा आता नातू मोबाईलवर काढून दाखवतो. चहा नाही, खुर्ची नाही, ‘बिनशेती केलीय का’ असं प्रेमानं विचारणारं कुणी नाही. त्याच्या वयाचे पुष्कळजण मला विचारतात, “आजोबा, कायदा सोपा झालाय म्हणतात. विहिरीजवळ एखादं टुमदार कॉटेज टाकायचं का? भाड्यानं जाईल.” मी त्यांना मॅनेजरांकडं पाठवतो. ते अजून परत हो म्हणवून घेऊन आलेले नाहीत.

बँकेतले जुने मित्र भेटले, की विचारतात, “काय, बांधलंत ना घर? कुणाच्या नावावर?” मी सांगतो, भावाच्या. ते जरा कींव केल्यासारखं बघतात. “मग तुम्ही तिथं कोण?” मी म्हणतो, कुटुंबातली व्यक्ती. अधिनियमातच आहे तसं.

दादा आता नव्वदीकडं झुकला आहे. औत सुटलं, पण जानेवारीत आगटी तोच पेटवतो. थरथरत्या हातानं पहिलं कणीस चोळतो, फुंकर मारून भुसा उडवतो आणि दाणे माझ्या ओंजळीत ओतत दरवर्षी न चुकता एकच वाक्य म्हणतो,

“खा. या रानात पीक येत न्हाई.”